बास्केटबॉलच्या मैदानावरील हाणामारी: नव्या पंचांनी ती कशी टाळावी आणि झालीच तर कशी हाताळावी

नव्याने पंचगिरी करू लागलेल्या मुलामुलींना सुरुवातीला धास्ती असते ती ट्रॅव्हलिंग (चेंडू न टप्पावता टाकलेली जादा पावले) नजरेतून सुटण्याची किंवा रिंगखालच्या तीन सेकंदांची मोजणी चुकण्याची. हाणामारीचा विचार सहसा कोणी करून आलेला नसतो, आणि ती समोर उभी राहते तेव्हा नियम आठवायला चार-पाच सेकंदही मिळत नाहीत. म्हणून सामन्यात ज्या क्रमाने हा प्रश्न पंचापुढे येतो, त्याच क्रमाने पुढे लिहिले आहे. आपल्याकडचे जिल्हा आणि राज्य पातळीवरचे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळले जातात, त्यामुळे इथे सांगितलेले नियम तेच आहेत. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या काही घटना उदाहरणादाखल घेतल्या आहेत; तिथले नियम काही बाबतींत वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. हाणामारी चेंडूपाशी क्वचितच सुरू होते. चेंडू पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या दोघांत, किंवा शिट्टी वाजल्यानंतर, म्हणजे सगळ्यांचे डोळे दुसरीकडे असताना ती सुरू होते. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांच्या मूळ तेरा नियमांत दोन अधिकाऱ्यांची कामे वेगवेगळी नेमून दिलेली होती. रेफ्रीने चेंडूवर लक्ष ठेवायचे आणि अंपायरने माणसांवर. पहिल्याच सामन्याचा शेवट मारामारीत झाला होता, असे खुद्द नेस्मिथ यांनी १९३९ मध्ये रेडिओवर सांगितले. माणसांवर लक्ष ठेवण्याचे ते काम आजही तितकेच मोठे आहे. नवा पंच मात्र प्रेक्षकासारखा चेंडूमागे ओढला जातो आणि तिथेच घात होतो.

सामना सुरू होण्याआधी

पंचांचा अधिकार सामन्याच्या नियोजित वेळेच्या २० मिनिटे आधी, ते मैदानावर आले की सुरू होतो. ही २० मिनिटे स्कोअरर आणि टायमर बसतात त्या टेबलापाशी गप्पा मारण्यात घालवू नयेत. टेबलासमोरच्या साइडलाइनवर उभे राहून दोन्ही संघांचा सराव पाहावा. मधल्या रेषेपाशी कोण कोणाच्या वाटेत मुद्दाम जातो, पलीकडे घरंगळलेला चेंडू हातात दिला जातो की पायाने ढकलला जातो, कोणते दोन खेळाडू एकमेकांकडे पाहून काही पुटपुटतात, हे सगळे त्या वेळी दिसते. २ जुलै २०१८ रोजी फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील विश्वचषक पात्रता सामन्यात जी प्रचंड हाणामारी झाली, तिच्याबद्दल बोलताना फिलिपिन्सच्या प्रशिक्षकांनी सरावातच आपल्या खेळाडूंना मारल्याची तक्रार केली होती. ती तक्रार किती खरी, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु ठिणगी सामन्याच्या आधीच पडलेली असू शकते, एवढे पंचाने धरून चालावे.

त्यानंतर मैदान पाहावे. नियमाप्रमाणे सीमारेषेपासून किमान २ मीटरपर्यंत कोणताही अडथळा असता कामा नये आणि संघांची बाकेही त्यात येतात. आपल्या उघड्या सिमेंटच्या मैदानांवर प्रेक्षक अगदी रेषेला पाय लावून उभे असतात. सामना सुरू होण्याआधी आयोजकांकडून त्यांना मागे सरकवून घ्यावे, कारण मैदानात तंटा उभा राहिल्यावर ती माणसे मागे हटत नाहीत, आत येतात. आयोजकांपैकी प्रेक्षकांना आवरण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आहे, हे विचारून त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा.

जोडीदार पंचाशी एकच गोष्ट पक्की करून ठेवावी: भांडण झालेच, तर आत कोण जाणार आणि बाहेर कोण राहणार. सर्वसाधारणपणे जो जवळ असेल तो आत जातो आणि दुसरा मागे सरून दोन्ही बेंच नजरेत ठेवतो. हे बोलून ठेवलेले नसेल, तर ऐन वेळी दोघेही आत धावतात आणि बेंचवरून कोण उठून आले, हे कोणालाच सांगता येत नाही. टेबलावरच्या स्कोअररला आणि टायमरलाही सांगून ठेवावे की अशा वेळी घड्याळ थांबले आहे याची खात्री करा, उरलेली वेळ आणि गुण लगेच लिहा, आणि बेंच सोडणाऱ्यांचे क्रमांक टिपा.

कर्णधारांशी लांबलचक बोलू नये. सामन्याआधी भाषण ठोकणाऱ्या पंचाचे पुढे कोणी ऐकत नाही.

पहिली पाच मिनिटे

खेळाडू सूड स्वतःच्या हाताने घेतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: पंच आपल्याला न्याय देणार नाही, अशी त्याची खात्री झालेली असते. पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या जागेत, पाठीत कोपर बसले, शिट्टी नाही. दुसऱ्यांदा बसले, तरीही नाही. तिसऱ्यांदा तो वळून ढकलतो आणि नेमके तेवढेच पंचाला दिसते. मग फाऊल त्याच्यावर जातो. अशा क्षणी त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो पाहिला की पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

यावर उपाय म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत मापदंड ठरवून टाकणे. रिबाउंडनंतरचा (हुकलेला चेंडू पकडल्यानंतरचा) पहिला धक्का, स्क्रीन लावताना (प्रतिस्पर्ध्याची वाट अडवताना) बाहेर काढलेला पहिला गुडघा, चेंडू नसताना धरलेली पहिली जर्सी या सगळ्यांवर शिट्टी व्हावी, आणि तीच शिट्टी दुसऱ्या रिंगखालीही व्हावी. सुरुवातीला सैल सोडून तिसऱ्या क्वार्टरमध्ये कडक झालेला पंच दोन्ही संघांना पक्षपाती वाटतो.

कोपराच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे. कोणाला लागले नाही, तरी कोपर बेफामपणे फिरवणे हा टेक्निकल फाऊल (शरीराला न लागता केलेल्या गैरवर्तनाचा फाऊल) आहे. लागले, तर प्रसंग पाहून अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा) किंवा डिसक्वालिफाइंग (सामन्याबाहेर काढणारा) फाऊल द्यावा लागतो. 'लागले तर नाही ना' म्हणून सोडून देणे ही नव्या पंचाची नेहमीची चूक आहे.

तोंडाच्या बाबतीतही तसेच. प्रतिस्पर्ध्याला डिवचणे, त्याची नक्कल करणे, त्याच्या डोळ्यांसमोर हात नाचवणे यासाठी टेक्निकल फाऊल आहे. पहिल्या किरकोळ शेऱ्याला चालता चालता दिलेली समज पुरते. 'सात नंबर, खेळावर लक्ष दे' एवढे म्हटले तरी बहुतेक खेळाडू भानावर येतात. परंतु आई-बहिणीवरून, जातीवरून किंवा धर्मावरून शिवी कानावर आली, तर समज देत बसू नये. आपल्याकडे मुठी वळतात त्या अशाच शब्दांवर, आणि ज्याला शिवी बसली त्याला तत्काळ शिट्टी ऐकू आली, तर तो हात उचलण्याआधी पंचाकडे पाहतो. ते पाहणे आपल्याला मिळवायचे असते.

एकाच खेळाडूवर दोन टेक्निकल, दोन अनस्पोर्ट्समनलाइक किंवा दोन्हींपैकी एकेक झाला की तो सामन्याबाहेर जातो. पहिला फाऊल योग्य वेळी दिलेला असेल, तर हा नियमच पुढे निम्मे काम करतो.

शिट्टीनंतरचे सेकंद

मी नवा असतानाचा एक आंतरमहाविद्यालयीन सामना आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. निळ्या संघाच्या ११ क्रमांकाने चेंडू घेऊन रिंगकडे ड्राइव्ह करणाऱ्या पांढऱ्या ६ क्रमांकाला हवेतच आडवे केले. मी शिट्टी दिली, मूठ वर केली आणि शिकवल्याप्रमाणे टेबलाकडे वळून क्रमांक दाखवू लागलो. चेंडू घरंगळत प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली गेला होता, म्हणून माझा जोडीदार तो आणायला वाकला. पाठीमागून बूट घासल्याचा करकर आवाज आला आणि पाठोपाठ सगळ्या मैदानाचा एकच 'ए!' ऐकू आला. वळून पाहतो तर निळा ११ तोंड धरून बसलेला आणि भोवती आठ जण. मारले कोणी, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता येईना. एक पंच टेबलाकडे पाहत होता आणि दुसरा चेंडूकडे. माणसांकडे कोणीच पाहत नव्हते. त्या दिवशी दोषी खेळाडू शिक्षेशिवाय सुटला, आणि त्याला जबाबदार आम्ही दोघे होतो.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो आणि नव्या पंचांनाही तोच शिकवतो. जोरदार फाऊलची शिट्टी दिल्यावर जागचे हलू नये, उलट दोन पावले त्या खेळाडूंच्या जवळ जावे. पडलेल्याला त्याच्या संघातले उचलतात का, आणि पाडणारा त्याच्यावर उभा तर नाही ना, हे पाहावे. उभा असेल, तर दोघांच्या मध्ये जाऊन पाडणाऱ्याला मागे घ्यावे. जोडीदाराची नजर दहाही खेळाडूंवर आहे, हे डोळ्यांनी खात्री करून घ्यावे आणि मगच टेबलाकडे जावे. चेंडू कोणीतरी आणून देतो. तो पंचाने धावत जाऊन आणण्याची गरज नसते.

धोक्याच्या इतर जागाही ठरलेल्या आहेत. चेंडू दोघांच्या हातात अडकला की शिट्टी लवकर द्यावी, कारण ओढाताण जितकी लांबते तितके कोपर आणि गुडघे त्यात शिरतात. जमिनीवर चेंडूसाठी तिघे-चौघे एकमेकांवर पडले असतील, तर शिट्टीबरोबर तिथे जाऊन उभे राहावे. क्वार्टर संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांना ओलांडून आपापल्या बेंचकडे जातात, तेव्हा घड्याळाकडे न पाहता त्या ओलांडण्याकडे पाहावे.

आणि निकाल ठरून गेलेला सामना. हा सर्वांत फसवा, कारण पंचालाही वाटते की आता काय उरले आहे. १९ नोव्हेंबर २००४ रोजी मिशिगनमधील ऑबर्न हिल्स येथे डेट्रॉइट पिस्टन्स आणि इंडियाना पेसर्स यांच्या सामन्यात ४५.९ सेकंद उरले होते आणि पेसर्स ९७-८२ असे पुढे होते. पेसर्सच्या रॉन आर्टेस्टने पिस्टन्सच्या बेन वॉलेसला जोरात फाऊल केला, वॉलेसने त्याला ढकलले आणि बाचाबाची सुरू झाली. ती तिथेच विरायला हवी होती. परंतु खेळाडू मैदानावर घुटमळत राहिले, आर्टेस्ट स्कोअररच्या टेबलावर जाऊन आडवा झाला, आणि प्रेक्षकांतून भिरकावलेला पेयाचा पेला त्याच्यावर येऊन पडला. तो उठून थेट प्रेक्षकांत घुसला. सामना तिथेच थांबवावा लागला आणि पुढे एनबीएने ९ खेळाडूंना मिळून १४६ सामन्यांसाठी निलंबित केले. त्या संध्याकाळची फीत पाहताना माझे लक्ष दर वेळी ठोशांपेक्षा त्यांच्या आधीच्या घुटमळण्याकडे जाते. पहिल्या धक्क्यानंतर दोन्ही संघांना आपापल्या बेंचपाशी पाठवून मधली जागा रिकामी करणे आणि टेबलाभोवती कोणालाही रेंगाळू न देणे, ही कामे पंचाने निकालाच्या चर्चेआधी करायची असतात.

हात उचलला गेलाच तर

शिट्टी आखूड, जोरात आणि पुन्हा पुन्हा वाजवावी. एकच लांब शिट्टी गोंगाटात विरून जाते.

दोघे अजून छातीला छाती लावून उभे आहेत, तोंडाने बोलत आहेत, तोवरच मध्ये जाण्याची संधी असते. जवळच्या पंचाने हात उघडे ठेवून मध्ये शिरावे, जो अधिक तापला आहे त्याच्याकडे तोंड करावे, त्याला क्रमांकाने हाक मारावी आणि मागे चालायला लावावे. ठोसे सुरू झाले असतील, तर मात्र मध्ये पडू नये. कोणाचे दंड किंवा कंबर धरून ठेवू नये, कारण धरलेल्या माणसाला समोरून येणारा ठोसा चुकवता येत नाही आणि त्याला मार बसण्याला आपण कारणीभूत होतो. शिवाय झटापटीत अडकलेल्या पंचाला पुढे कोणी काय केले, हे दिसतच नाही. मुलींच्या सामन्यात पुरुष पंचाने हा संयम अधिकच पाळावा आणि प्रशिक्षकांना पुढे बोलवावे.

दुसऱ्या पंचाने या वेळी आत ओढले जाऊ नये, आणि हे सांगायला सोपे असले तरी करायला फार कठीण आहे. त्याने साइडलाइनच्या बाजूला मागे सरून दोन्ही बेंच आणि मधला घोळका एकाच चौकटीत दिसेल अशी जागा घ्यावी आणि क्रमांक मनात म्हणत राहावे. लांबून धावत येणाऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे, मग तो भांडण सोडवायला येत असला तरी. ९ डिसेंबर १९७७ रोजी लॉस एंजेलिस लेकर्स आणि ह्यूस्टन रॉकेट्स यांच्या सामन्यात लेकर्सचा कर्मिट वॉशिंग्टन एका झटापटीत होता आणि रॉकेट्सचा रूडी टॉमजानोविच तिकडे धावत आला. वॉशिंग्टनला पाठीमागून कोणीतरी येताना जाणवले, तो वळला आणि त्याने मारलेल्या एका ठोशाने टॉमजानोविचच्या चेहऱ्याची हाडे मोडली. पुढच्या १९७८-७९ च्या हंगामात एनबीएने तिसरा पंच आणला. खर्चाच्या कारणाने तो वर्षभरात काढून टाकला गेला आणि १९८८-८९ पासून कायमचा परत आला. आपल्याकडे अनेक स्पर्धांत अजून दोनच पंच असतात, म्हणून मागे थांबणाऱ्या पंचाचे काम दुप्पट महत्त्वाचे आहे.

बेंचचा नियम नव्या पंचाने तोंडपाठ करावा. फिबाच्या ३९ व्या कलमाप्रमाणे भांडण किंवा भांडणाची शक्यता असताना बेंचची हद्द सोडणारा प्रत्येक राखीव खेळाडू, पाच फाऊल होऊन बाहेर बसलेला खेळाडू आणि संघाबरोबरचा इतर माणूस बाद होतो. त्याने कोणाला हात लावला की नाही, हा प्रश्नच येत नाही. मुख्य प्रशिक्षक आणि पहिला सहायक प्रशिक्षक या दोघांनाच मैदानात येण्याची मुभा आहे, आणि तीही पंचांना मदत करण्यासाठी. मैदानात येऊन मदत केली नाही, तर तेही बाद होतात. बेंच सोडल्याबद्दल कितीही जण बाद झाले, तरी त्या संघाच्या मुख्य प्रशिक्षकाच्या नावे टेक्निकल फाऊल एकच लागतो.

एनबीएमध्येही असाच कडक नियम आहे. मे २००७ मध्ये सॅन अँटोनियोच्या रॉबर्ट होरीने फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला टेबलावर आदळवले, तेव्हा फिनिक्सचे अमारे स्टाउडमायर आणि बोरिस डियॉ बेंचवरून उठून काही पावले पुढे आले. त्यांनी कोणाला मारले नव्हते, तरी दोघांनाही पुढच्या सामन्याला मुकावे लागले. फिनिक्स तो सामना हरला आणि नंतर मालिकाही. मैदान तापू लागले आहे असे दिसताच डेड बॉलमध्ये, म्हणजे खेळ थांबलेला असताना, प्रशिक्षकाजवळ जाऊन 'सर, बेंच बसवून ठेवा' एवढे सांगितले, तर निरपराध मुलांचे असे नुकसान टळते.

शांत झाल्यावर

दोन्ही संघ आपापल्या बेंचपाशी गेल्यावर पंचांनी मधल्या वर्तुळात एकत्र यावे. तिथे कर्णधार नको, प्रशिक्षक नको. प्रत्येकाने आपण काय पाहिले, तेवढेच सांगावे. 'बहुधा', 'त्यानेच असणार' असे शब्द वापरू नयेत. सुरुवात कोणी केली, उलट कोणी मारले, बेंचवरून कोण आले, त्या क्षणी चेंडू कोणाच्या ताब्यात होता आणि घड्याळात किती वेळ होती, या क्रमाने गेले की काही सुटत नाही. अधिकृत व्हिडिओ यंत्रणा असेल, तर हिंसक कृत्यात कोण सहभागी होते हे ओळखण्यासाठी ती पाहता येते. प्रेक्षकांनी पुढे केलेला मोबाइल मात्र पाहू नये, मग त्यात सगळे स्वच्छ दिसत असले तरी.

मारणारा बाद होतो आणि उलट मारणाराही बाद होतो. दोन्ही संघांच्या सारख्या शिक्षा एकमेकींत वजा होतात. उरलेल्या शिक्षा ज्या क्रमाने फाऊल झाले त्या क्रमाने अमलात आणायच्या. बाद झालेल्याने ड्रेसिंग रूममध्ये थांबायचे किंवा इमारत सोडायची. टीशर्ट बदलून तो प्रेक्षकांत येऊन बसला, तर सामना सुरू करू नये.

मैदानावर खेळू शकणारे दोनपेक्षा कमी खेळाडू उरले, तर तो संघ हरतो. २०१८ च्या त्या मनिलाजवळच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये फिलिपिन्सच्या रॉजर पोगॉयच्या फाऊलनंतर ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल किकर्टने त्याला कोपर मारले आणि फिलिपिन्सचा बेंच मैदानात उतरला. फिलिपिन्सचे ९ आणि ऑस्ट्रेलियाचे ४ असे १३ खेळाडू बाद झाले. यजमानांकडे तीनच खेळाडू उरले, त्यांतल्या दोघांचे फाऊल भरले आणि ८९-५३ या गुणांवर सामना संपला.

निर्णय झाला की दोन्ही मुख्य प्रशिक्षकांना एकत्र बोलावून तो एकदाच, थोडक्यात सांगावा. वाद घालू द्यायचा नाही, पण काय ठरले हे मात्र नीट समजू द्यायचे. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे फार जवळून पाहावीत. प्रेक्षक आत आलेले असतील किंवा सुरक्षिततेची खात्री नसेल, तर सामना थांबवण्याचा अधिकार मुख्य पंचाला आहे आणि तो वापरण्यात कमीपणा नाही.

अहवाल

डिसक्वालिफाइंग फाऊलची नोंद मुख्य पंचाने स्कोअरशीटवर सही करण्याआधी तिच्या मागच्या बाजूला करायची असते आणि आयोजकांना सविस्तर अहवाल पाठवायचा असतो. सामना संपल्यानंतर आणि सहीच्या आधी झालेले गैरवर्तनही त्यात येते. हा अहवालच पुढे शिस्तपालन समितीसमोर बोलतो, म्हणून त्यातली भाषा जपावी. 'क्रमांक ९ ने गुंडगिरी केली' या वाक्याचा काही उपयोग होत नाही. 'तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३ मिनिटे ४० सेकंद उरले असताना, शिट्टीनंतर, लाल संघाच्या क्रमांक ९ ने पांढऱ्या संघाच्या क्रमांक ४ च्या डाव्या गालावर उजव्या मुठीने एक ठोसा मारला. मी तीन मीटरवर होतो' असे लिहिले, तर त्यावर निर्णय देता येतो. शिवी दिली असेल, तर ती जशीच्या तशी लिहावी. लिहिताना लाज वाटते, पण 'अपशब्द वापरले' एवढ्यावर समितीला काहीच ठरवता येत नाही. सामन्याबद्दल व्हॉट्सॲपच्या गटांवर एक अक्षरही टाकू नये.

त्याच रात्री दोन्ही पंचांनी वेगवेगळे बसून कोऱ्या कागदावर २८ बाय १५ मीटरच्या मैदानाचा आराखडा काढावा आणि पहिला धक्का लागला त्या क्षणी आपण कुठे उभे होतो आणि कुठे पाहत होतो, हे बाणाने दाखवावे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. दोन्ही बाण एकाच दिशेला गेलेले असतील, तर पुढच्या सामन्याआधी जोडीदाराशी काय बोलायचे आहे, ते त्या कागदावरच मिळते.